खटक्याचा चाकू: घरी ठेवणं, बाहेरून मागवणं, तुटलेली स्प्रिंग बदलणं. मुंबईत कायदा काय?

जुनी_मूठ (दादर):

इटलीतल्या मानियागोच्या धाटणीचा खटक्याचा चाकू आहे. बटण दाबलं की पातं बाजूने फटकन उघडतं. पातं ८.९ सेंमी लांब, सगळ्यात रुंद जागी १.४ सेंमी, धार एकाच कडेला. आतली पट्टीची स्प्रिंग तुटली आहे. बटण दाबल्यावर पातं अर्धा सेंमी वर येतं आणि तिथेच राहतं.

असा चाकू घरात ठेवायला परवाना लागतो का? ‘भारतात तीन इंचांवरच्या बटण चाकूला बंदी’ असं नेटवर जागोजागी लिहिलंय, ते मुंबईला लागू आहे का? अमेरिकेतून दुसरा मागवला तर सहारला (मुंबई विमानतळावर) अडकेल का? नुसती स्प्रिंग मागवली तर? आणि दुरुस्तीला कुणाकडे दिला तर देणारा किंवा घेणारा अडचणीत येतो का?

कलम_पाहणारा:

आधी तीन इंचांचं, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. तो आकडा दिल्लीचा आहे. दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, ‘बटनदार’ आणि ‘गरारीदार’ (उघडताना दात्यांचा करकर आवाज येतो ते रामपुरी) चाकू आहेत, आणि माप आहे लांबी ७.६२ सेंमी किंवा जास्त, रुंदी १.७२ सेंमी किंवा जास्त. दोन्ही अटी एकत्र लागतात. तुमचं पातं १.४ सेंमी रुंद, म्हणजे दिल्लीतसुद्धा त्या मापात बसत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतला बटनदार चाकूचा एक गुन्हा रद्द केला, कारण चाकू विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगल्याचा आरोपच आरोपपत्रात नव्हता. ही अधिसूचना मुंबईला लागत नाही.

मुंबईत पाहायचं ते शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६. नियमांच्या पहिल्या अनुसूचीतला पाचवा वर्ग म्हणजे बंदुकीशिवायची हत्यारं: तलवारी, गुप्ती, खंजीर, संगिनी, भाले, परशू, चाकू आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तशी हत्यारं. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. ९ इंच म्हणजे २२.८६ सेंमी, २ इंच म्हणजे ५.०८ सेंमी. या वर्णनात स्प्रिंग किंवा बटण हा शब्दच नाही. साडेतीन इंची पातं या मापाच्या जवळपासही नाही, त्यामुळे नुसतं घरात ठेवायला परवाना लागत नाही.

मापाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इटालियन खटक्याचे चाकू उघड्या चाकूच्या एकूण लांबीवर विकले जातात. ‘नऊ इंची’ म्हणून विकलेल्या चाकूचं पातं साधारण चार इंचच असतं. नियमातले नऊ इंच फक्त पात्याचे. चाकू जप्त झाला तर पंचनाम्यात एकूण लांबी, पात्याची लांबी, मुठीची लांबी आणि पात्याची रुंदी हे चारही आकडे वेगवेगळे लिहिले आहेत का ते सही करण्यापूर्वी वाचा. नुसतं ‘अंदाजे १० इंच लांबीचा धारदार चाकू’ असं राहिलं तर पुढे वर्षभर त्या एका ओळीशी भांडावं लागतं.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. कलम २ मधल्या व्याख्येत हल्ला किंवा बचावासाठी ‘घडवलेली किंवा तशी बदललेली’ वस्तू म्हणजे शस्त्र. खटका तुमच्याविरुद्ध उभा राहतो तो इथे: भाजी चिरायला कुणी बटणाचा चाकू घेत नाही, हा युक्तिवाद होणारच. दुसरं म्हणजे दुधारी पातं. दोन्ही कडांना धार असेल तर त्याला खंजीर म्हणायला जागा मिळते, आणि खंजीर यादीत नावानिशी आहे. तुमचं एकधारी आहे, ते तसंच ठेवा. मागची कड घासून धार काढू नका.

पाचव्या वर्गाचं हत्यार सापडलं तरी नुसत्या बाळगण्याचा गुन्हा कलम ४ खाली त्या भागासाठी अधिसूचना असेल तरच होतो, आणि ती कोर्टात दाखवण्याचं काम सरकारी पक्षाचं. सिद्ध झालं तर कलम २५ खाली एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. कलम ३९ ची जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी फक्त कलम ३ च्या खटल्यांना, म्हणजे बंदुकांना लागते. चाकूच्या खटल्यात तिच्यावर भिस्त ठेवू नका.

बिल_ऑफ_एंट्री:

आयातीचं मी सांगतो.

शस्त्र कायद्याचं कलम १० परवाना मागतं ते ‘कोणतंही शस्त्र’ देशात आणायला. तिथे नऊ इंचांचा आधार नाही. मात्र त्याच कलमाच्या परंतुकात सवलत आहे: जे शस्त्र बाळगायला कायद्याने मनाई नाही, ते स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी संख्येत परवान्याशिवाय आणता येतं. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. लगेच पुढचं पोटकलम २ सांगतं की सवलत लागू होते की नाही, संख्या वाजवी आहे की नाही, वापर खरंच खासगी आहे की नाही, यापैकी कशाचीही शंका आली तर कस्टम्सचा अधिकारी केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत माल अडकवून ठेवू शकतो. म्हणजे तुमची बाजू कायद्यात बरोबर असूनही पार्सल महिनोन्‌महिने गोदामात पडू शकतं. एक चाकू ही वाजवी संख्या. एकाच मॉडेलचे चार मागवले तर ‘खासगी’ शब्दावर प्रश्न येणारच.

कस्टम्सच्या दरसूचीत वर्गीकरण दोनपैकी एका आकड्याखाली. ८२११ ९३ म्हणजे पातं स्थिर नसलेले चाकू, साध्या सुऱ्या-चाकूंच्या प्रकरणातलं. ९३०७ म्हणजे तलवारी, संगिनी आणि तत्सम शस्त्रं, ज्यांची आयात निर्बंधित आहे. ९३०७ च्या स्पष्टीकरणात स्टिलेटो (निमुळता खंजीर) आणि डॅगर (खंजीर) नावानिशी येतात. परदेशी विक्रेते मात्र कौतुकाने इन्व्हॉइसवर तेच लिहितात: ‘इटालियन स्टिलेटो’, ‘कॉम्बॅट’, ‘टॅक्टिकल’. एक्स-रे पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर आधी तो कागद येतो. ऑर्डर देतानाच विक्रेत्याला वस्तूचं कोरडं आणि खरं वर्णन लिहायला सांगा: फोल्डिंग चाकू, बटणाने उघडणारा, एकधारी, पातं ८९ मिमी, एक नग, वैयक्तिक वापर. बटण लपवून ‘किचन टूल’ किंवा ‘गिफ्ट’ लिहायला लावू नका. वर्णन खोटं निघालं की सीमाशुल्क अधिनियम १९६२ चं कलम १११(म), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं एम, लागतं, आणि मग चाकू कायदेशीर असला तरी जप्तीला पात्र ठरतो.

वैयक्तिक आयातीला आयात-निर्यात कोड लागत नाही, केवायसी लागते. कुरिअरचा माल सहारला उतरतो, टपालाचा बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात. अमेरिकेतून टपालाने मात्र येणार नाही: तिथल्या कायद्याने स्विचब्लेड, म्हणजे खटक्याचे चाकू, टपालात टाकता येत नाहीत, मोजक्या सरकारी अपवादांशिवाय. खासगी कुरिअर कंपन्यांच्या अटी वेगवेगळ्या, त्या पैसे भरण्यापूर्वी वाचा. लंडनमार्गे येणारी सेवा टाळा. ब्रिटनमध्ये १९५९ पासून अशा चाकूंची विक्री आणि आयात बंद आहे, आणि २०१९ च्या कायद्याने घरात ठेवणंही गुन्हा झालं.

माल अडवला तर शांतपणे कागद जमवा. जप्तीनंतर नोटीस देण्याची मुदत सहा महिने, अधिकारी कारण लिहून ती वाढवू शकतात. नोटिशीला मापासकट लेखी उत्तर द्या: मोजपट्टीशेजारी ठेवलेल्या उघड्या चाकूचा फोटो, उत्पादकाच्या पानाची छापील प्रत, शस्त्र कायद्याच्या कलम १० च्या परंतुकाचा उल्लेख. शेवटी माल सरकारजमा करायचं ठरलंच तर सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १२५ खाली दंड भरून माल सोडवण्याचा पर्याय मागा. आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत कलम १२८ चं अपील. सामानातून स्वतः आणत असाल तर लाल मार्गिकेतून जाऊन घोषित करा. परत परदेशी जाणार असाल तर कलम ८० खाली चाकू विमानतळावर ठेवून घ्यायला सांगून जाताना परत नेता येतो.

हा सगळा व्याप साडेतीन इंची पात्यासाठी करावा का, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते नवा मागवण्यापेक्षा हाच दुरुस्त करणं शहाणपणाचं. नुसती स्प्रिंग मागवायची तर ती चाकूचा भाग म्हणून धरलीच जात नाही. त्याच दरसूचीतल्या पंधराव्या विभागाच्या टीप २ प्रमाणे पोलादी स्प्रिंग ही ‘सर्वसाधारण वापराचा भाग’, आणि तिचं शीर्षक ७३२०. पातं किंवा धातूची मूठ सुटी मागवली तर मात्र ती ८२११ मध्येच.

पोलाद_आणि_तेल:

मानियागो धाटणीच्या बाजूने उघडणाऱ्या चाकूत स्प्रिंग ही चपटी पट्टी असते. एक टोक पात्याच्या मुळाशी, दुसरं मुठीच्या आत टेकलेलं. पातं मिटवलं की ती धनुष्यासारखी वाकते, आणि चाकू मिटून ठेवलेला असेपर्यंत वाकलेलीच राहते. तुटते ती बहुतेक वेळा मुळापाशी, जिथे वाक सगळ्यात जास्त असतो. तुटलेलं टोक भिंगाखाली बघा. कडेला तपकिरी ठिपका आणि पुढे चकचकीत करडा भाग दिसला तर चीर गंजाच्या खड्ड्यातून सुरू झाली. मुंबईच्या खाऱ्या हवेत हेच होतं. पातं स्टेनलेस असतं, आतली पट्टी साधी कार्बन पोलादाची, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

काम असं करा. मुठीच्या पिना ठोकून काढण्याआधी कोणती कुठली ते कागदावर काढून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. तुटकी पट्टी असली तरी उरलेला तुकडा ताणात असू शकतो, डोळ्यांवर चष्मा हवाच. नवी पट्टी मूळच्या जाडीची घ्या, कॅलिपरने मोजून. जाड घातली की खटका जोरदार होतो, पण पातं पूर्ण उघडताना थांब्यावर आपटतं आणि काही दिवसांत बिजागरीची पिन हलायला लागते.

पट्टी कुणाकडून बनवून घेत असाल तर त्याला दोन गोष्टी सांगा. घासकामाचे ओरखडे लांबीच्या दिशेने हवेत. आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेची जागा. आणि तेलात विझवल्यावर पाणी उतरवलंच पाहिजे, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवला पाहिजे, सुमारे ३०० अंश सेल्सिअसला, निळा रंग चढेपर्यंत. न उतरवलेली पट्टी पहिल्याच मिटवण्यात काचेसारखी तुटते. जास्त उतरवलेली वाकते आणि वाकलेलीच राहते.

जोडताना पट्टीवर आणि बिजागरीवर पातळ तेलाचा एकेक थेंब. ग्रीस नको, दमट हवेत ते धूळ धरतं आणि खटका मंदावतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसकट डब्यात ठेवा, चामड्याच्या म्यानात नको, चामडं ओल शोषून पात्याला चिकटवून ठेवतं.

समोरून बाहेर येणाऱ्या प्रकाराला मात्र हे लागू नाही. तिथे पातं मध्येच अडकून लुळं पडलं तर बहुधा काही तुटलेलं नसतं, पातं खाचेतून सुटलेलं असतं. टोक धरून हलकेच पूर्ण बाहेर ओढलं की टक् करून बसतं.

जुनी_मूठ:

खूप उपयोगी. दोन शंका. कारागीर ‘हत्याराचं काम करत नाही’ म्हणून परत पाठवतो, त्याला भीती कशाची? आणि स्प्रिंग न घालता अंगठ्याने उघडायचा चाकू करून टाकला तर सगळा प्रश्न मिटतो का?

कलम_पाहणारा:

त्याची भीती रास्त आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ मध्ये बनवणं आणि विकणं यांच्याबरोबर रूपांतर, दुरुस्ती, आणि दुरुस्तीसाठी ताब्यात ठेवणंसुद्धा परवान्याखाली येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं. ते बंदुकांना आणि नियमांत सांगितलेल्या वर्गाच्या शस्त्रांना लागू आहे, तुमच्या पात्याला नाही. पण कारागिराने मोजपट्टी लावून मोजावं अशी अपेक्षा तुम्ही तोंडी ठेवू नका. चिठ्ठीवर लिहून द्या: पातं ८.९ सेंमी, रुंदी १.४, एकधारी, काम फक्त स्प्रिंग बदलण्याचं, नाव, तारीख, सही. एक प्रत त्याच्याकडे, एक तुमच्याकडे.

स्प्रिंग काढल्याने घरात ठेवण्याच्या प्रश्नात फरक पडत नाही, कारण तिथे अडचण नव्हतीच. रस्त्यावरही फार पडत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त जे मनाई आदेश काढतात, त्या कलमात ‘चाकू’ हा शब्द मापाशिवाय आहे. अंगठ्याने उघडणारा असो की खटक्याचा, आदेश चालू असताना खिशात घेऊन फिरणं हाच भंग. कलम १३५ खाली शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि कोर्टाने कारण नोंदवल्याशिवाय चार महिन्यांहून कमी नाही. मुंबईत हे आदेश वरचेवर निघतात. दादरहून कारागिराकडे नेण्याआधी त्या दिवशी आदेश लागू आहे का ते पाहा.

सगळ्यात बरं म्हणजे चाकू नेऊच नका. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये शस्त्रांच्या किरकोळ सुट्या भागांना, जुळणारे बाकीचे भाग जोडून वापरायचा हेतू नसेल तर, सूट आहे. तुमचं पातं मापात बसत नसल्याने तिची गरजही पडणार नाही. तुटकी पट्टी दोन्ही तुकड्यांसह पाकिटात घाला आणि नमुना म्हणून ती न्या.

पोलाद_आणि_तेल:

तुकडे नेताना तुटलेली टोकं एकमेकांना जुळवून चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर बसवा, म्हणजे मूळ लांबी आणि वाक दोन्ही कळतात. जाडी मुळापाशी, मध्ये आणि टोकाला अशी तीन ठिकाणी मोजून पुठ्ठ्यावरच लिहा. बऱ्याच पट्ट्या टोकाकडे बारीक होत गेलेल्या असतात, आणि सरळ जाडीची बनवली तर वाक पुन्हा मुळाशीच गोळा होऊन ती त्याच जागी तुटेल.