अमेरिकेच्या ऑफिसचा मेल आणि आमचे सुरगाण्याचे अप्रेंटिस : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेबर लॉ, एचआर किंवा आयटीआयशी संबंध असलेल्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा. आरक्षण हवं की नको यावर इथे धुळवड नको, त्यासाठी बाकीचे धागे आहेतच.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर बघते. मालक कंपनी अमेरिकन, नाव सांगत नाही. दरवर्षी अप्रेंटिस घेताना आम्ही सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांकडच्या आयटीआयची मुलं आवर्जून बोलावतो. चाचणी सगळ्यांना एकच, पासिंगचे मार्कही तेच. पण दोघं सारखे उतरले तर पाड्यावरून आलेल्या आदिवासी पोराला झुकतं माप, आणि कारखान्याजवळ चुंचाळ्यात खोली मिळेपर्यंत सुरुवातीचं भाडं कंपनीचं. आधीच्या प्लांट हेडनी ही पद्धत सुरू केली. धोरण म्हणून कागदावर कुठेच नाही.

आता वरून मेल आलाय. कुठल्याही समूहाला प्राधान्य देणारी भरती सगळ्या देशांतल्या प्लांट्सनी थांबवावी आणि चालू असलेल्या अशा योजनांची यादी कळवावी. आधार म्हणून हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांतला अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा २९ जून २०२३ चा निकाल दिलाय. तो निकाल कॉलेजप्रवेशाचा आहे. वंश बघून प्रवेश देऊ नका, असा. नोकरभरतीला तिकडे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सातवा भाग लागतो, तो आधीपासून वेगळा. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना अल्पसंख्याक आणि स्त्रियांच्या भरतीसाठी खास प्रयत्न करायला लावणारा १९६५ चा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. आमची कंपनी तिथल्या सरकारला माल देते, त्यामुळे घाई कशाची आहे ते समजतं.

कँटीनमध्ये मात्र "बघा, अमेरिकेनेसुद्धा आरक्षण काढलं" असं सुरू झालंय. अहो, तिथे राखीव जागा उरल्या होत्या कुठे? एका मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा बाजूला ठेवल्या होत्या, ती पद्धत त्यांच्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच, बॅकी खटल्यात, बाद केली. त्यानंतर वंश हा बाकीच्या गोष्टींबरोबर बघायचा एक मुद्दा राहिला होता, आणि २०२३ मध्ये तोही गेला. आपल्याकडे शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापुरात ५० टक्के जागा राखून ठेवल्या. पुढे घटनेत सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांचं कलम १६(४) आलं, १९९२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाच्या इंद्रा साहनी निकालाने ५० टक्क्यांची मर्यादा घातली. अमेरिकेच्या त्या निकालाचा आणि आपल्या राखीव जागांचा काडीचा संबंध नाही.

नवे प्लांट हेड म्हणतात, खासगी कंपनीला आरक्षण लागू नाही, 'निरंक', म्हणजे अशी योजनाच नाही, असं कळवून टाका. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. २००६ मध्ये खासगी क्षेत्रात मागासवर्गीयांना संधी कशी द्यायची हे बघणाऱ्या जे. जे. इराणींच्या कृतिगटानंतर उद्योगसंघटनांनी आचारसंहिता काढली, तीही ऐच्छिकच. पण अप्रेंटिसचं तसं नाही ना! १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं कलम ३अ ठरलेल्या ट्रेड्समध्ये एससी-एसटीसाठी जागा राखायला सांगतं, ३ब ओबीसींसाठी. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. हे सगळं 'निरंक'मध्ये कसं बसवू? शिवाय अपंगांसाठी २०१६ च्या कायद्याप्रमाणे केलेलं समान संधी धोरणही त्या मेलच्या भाषेत 'प्राधान्य' ठरेल.

माझी अडचण कायद्याबाहेरच्या भागाची आहे, म्हणजे झुकतं माप आणि खोलीभाडं. आमच्या टूलरूममधले एक काका, इथे नाशिकच्या सिडको वसाहतीत राहतात, त्यांच्या मुलाला गेल्या बॅचला अगदी तेवढेच मार्क होते. जागा पेठच्या मुलाला गेली. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, तो पोरगा चांगलाच आहे, पण माझा कुठे बंगल्यात वाढलाय?" मी नियम सांगितला. त्यांना तो आधीच माहीत होता. दुसरीकडे तो पेठचा मुलगा घरात मशीनवर काम करणारा पहिलाच. इकडे खोली घ्यायची तर ओळख कोणाची सांगायची, इथपासून त्याची सुरुवात. माझा कल अजूनही त्याच्याच बाजूने आहे, पण काकांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणून विचारते. जमातीऐवजी तालुका लिहिला तर चालेल? मला स्वतःला ती थोडी पळवाट वाटते. घरातली पहिली पिढी आणि उत्पन्न असा निकष कोणी शॉप फ्लोअरच्या भरतीला प्रत्यक्ष वापरलाय का? त्यात काकांचा मुलगाही कदाचित बसेल. पण मग दाखले तपासायचे कोणी आणि त्यात वशिला कसा रोखायचा? स्थानिकांना ८० टक्के हे राज्याचं धोरण पुढे करून बघितलं, पण त्यात सिडको आणि सुरगाणा दोन्ही येतात, त्यामुळे उपयोग शून्य.

आणि उत्तर पाठवताना कायद्याने राखीव असलेल्या अप्रेंटिसच्या जागा यादीतून पूर्ण बाहेर ठेवू, की वेगळ्या रकान्यात दाखवू? बीटीआरआयच्या (अप्रेंटिसचं काम बघणारं सरकारी केंद्र) साहेबांकडून कलम ३अ बद्दलचं पत्र घेऊन जोडलं तर वजन पडेल, असं एक मैत्रीण म्हणते. परदेशी मालक असलेल्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या प्लांटमध्ये कोणी असं उत्तर दिलं असेल तर मसुदा कसा होता ते सांगा. कंपनीचं नाव उघड करायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या शुक्रवारपर्यंत मला पाठवायचंय.