गिटहब ॲक्शन्सवर टेस्ट कधी पास, कधी फेल. आता तर जॉब संपतच नाही

प्रश्न
नोड-एक्सप्रेसचं वेब ॲप आहे, डेटाबेस पोस्टग्रेस, टेस्ट जेस्टमध्ये (टेस्ट चालवणारं टूल). लॅपटॉपवर सगळं हिरवं. गिटहब ॲक्शन्सवर (कोड चढवला की आपोआप टेस्ट चालवणारी गिटहबची सोय) मात्र कधी पहिल्याच टेस्टला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, तर कधी युजर टेबलच्या टेस्ट उगाच फेल. तोच कमिट (कोडची तीच नोंद) पुन्हा चालवला की पास. फाइली एकामागून एक चालाव्यात म्हणून ‘रनइनबँड’ लावलं, तर टेस्ट पास होतात पण जॉब लटकून राहतो. नेमकं कुठे बघू?

उत्तर १
घोळ तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी. कनेक्शनचं सांगतो.

वर्कफ्लो फाइलीत (काय चालवायचं ते गिटहबला सांगणारी फाइल) ‘सर्व्हिसेस’खाली पोस्टग्रेस दिलं की त्याचा कंटेनर (प्रोग्रॅम चालवायचा वेगळा डबा) लगेच उठतो, पण आतला सर्व्हर कनेक्शन घ्यायला तयार होईपर्यंत थोडा वेळ जातो. हेल्थ चेक (सर्व्हर तयार आहे का याची तपासणी) नसेल तर रनर (जॉब चालवणारं मशीन) तेवढं थांबत नाही. ‘ऑप्शन्स’मध्ये हेल्थ कमांड म्हणून ‘पीजी_इजरेडी’ द्या. इंटरव्हल १० सेकंद, टाइमआउट ५ सेकंद, रिट्राय ५. मग डेटाबेस ‘हेल्दी’ दिसल्याशिवाय तुमच्या स्टेप्स सुरूच होत नाहीत. ‘स्लीप ३०’ टाकून भागवू नका, एखाद्या दिवशी तेही कमी पडतं आणि एरवी फुकट वेळ जातो.

जॉब थेट रनरवर चालत असेल तर होस्ट लोकलहोस्ट, आणि पोर्ट ५४३२:५४३२ असा मॅप केलेला हवा. जॉबलाच कंटेनर दिला असेल तर होस्ट म्हणजे सर्व्हिसचं नाव, मॅपिंग लागत नाही. तुमचं अधूनमधून जुळतंय, म्हणजे नाव बरोबर असणार.

उत्तर २
उगाच फेल होणाऱ्या टेस्टचं कारण तुमच्या ‘रनइनबँड’नेच सांगितलंय. जेस्ट एरवी टेस्ट फाइली अनेक वर्करमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसमध्ये) वाटतं आणि तुमचे सगळे वर्कर एकाच डेटाबेसवर तुटून पडतात. एक फाइल युजर टेबल रिकामं करते, त्याच क्षणी दुसरी त्यातला युजर शोधत असते.

टेस्ट थोड्या असतील तर ‘रनइनबँड’ राहू द्या. जास्त असतील तर प्रत्येक वर्करला वेगळा डेटाबेस द्या. ‘जेस्ट_वर्कर_आयडी’ हा व्हेरिएबल १ पासून सुरू होतो, तो डेटाबेसच्या नावाला जोडायचा. मायग्रेशन (टेबलं तयार करणारी स्क्रिप्ट) एकाच डेटाबेसवर चालवा आणि ‘ग्लोबलसेटअप’मध्ये (सगळ्या टेस्टआधी एकदा चालतं ते) ‘क्रिएट डेटाबेस … टेम्प्लेट …’ने त्याच्या प्रती काढा. त्याआधी मायग्रेशनचं कनेक्शन बंद केलेलं हवं; टेम्प्लेटला कोणी जोडलेलं असेल तर पोस्टग्रेस प्रत काढू देत नाही. इथे बरेच जण अडकतात.

आता लटकणं. कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला धरून ठेवलेली डेटाबेस कनेक्शन्स) उघडा राहिलाय. वर्कर असताना जेस्ट त्यांना शेवटी जबरदस्तीने बंद करतं, म्हणून ते दिसलं नव्हतं. पूल ‘ग्लोबलटीअरडाउन’मध्ये (सगळ्या टेस्टनंतर एकदा चालतं ते) बंद करता येत नाही, कारण प्रत्येक टेस्ट फाइल मॉड्यूल नव्याने लोड करते, म्हणजे पूलही फाइलगणिक वेगळा. ‘सेटअपफाइल्सआफ्टरएन्व्ह’मधल्या फाइलीत (ती प्रत्येक टेस्ट फाइलीआधी चालते) ‘आफ्टरऑल’ लिहून तिथे ‘पूल.एंड’ला अवेट करा. ‘फोर्सएक्झिट’ (जेस्टला शेवटी जबरदस्तीने बंद करणं) म्हणजे नुसतं पांघरूण घालणं.

शिवाय जॉबला ‘टाइमआउट-मिनिट्स: १०’ द्या. दिलं नाही तर मर्यादा ३६० मिनिटांची असते.

प्रश्नकर्ता
हेल्थ चेक आणि ‘आफ्टरऑल’ने काम झालं, धन्यवाद. आणखी एक: पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) तीच टेस्ट दोनदा चालते. आणि फक्त डॉक्युमेंटेशन बदललं की टेस्ट चालू नये म्हणून ‘पाथ्स-इग्नोर’ लावलं, तर चेक ‘पेंडिंग’ राहतो आणि मर्ज होत नाही.

उत्तर ३
दोनदा चालते कारण ‘पुश’ (कोड चढवणं) आणि ‘पुल_रिक्वेस्ट’ दोन्ही ट्रिगर मोकळे आहेत. ‘पुश’ फक्त मेन ब्रँचपुरता ठेवा.

‘पेंडिंग’चं असं: पाथ फिल्टरने अख्खा वर्कफ्लोच वगळला जातो, त्यामुळे सक्तीच्या चेकचा निकाल कधी येतच नाही. फिल्टर काढा, वर्कफ्लो चालू द्या आणि अट जॉबवर ‘इफ’ने घाला. ‘इफ’मुळे वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो. कोणत्या फाइली बदलल्या ते आधीच्या एका छोट्या जॉबमध्ये ‘गिट डिफ’ने (दोन कमिटमधला फरक दाखवणारी कमांड) काढून आउटपुट म्हणून पुढे द्यायचं, तिथे चेकआउटला ‘फेच-डेप्थ: ०’ (म्हणजे सगळा इतिहास आणा) द्या, नाहीतर तुलनेला जुना कमिटच मिळत नाही.