विम्याचा आकडा कमी आला, तेव्हा तुम्ही काय केलंत?

२०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत कोल्हापुरात गाड्या बुडाल्या, घरं भिजली. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, म्हणजे धोक्याची पातळी, ओलांडली की काय आवरायचं ते नदीकाठाला ठाऊक असतं. क्लेमचा आकडा कमी आला की काय करायचं, ते पुष्कळांना ठाऊक नसतं. अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको, कागद कुठले लागले ते सांगा.

शाहूपुरी
गाडीत सीटपर्यंत पाणी. सर्व्हेअरनं, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्यानं, प्लास्टिक-रबरावर ५० टक्के घसारा कापला. ते पॉलिसीतच असतं, त्यावर भांडून उपयोग नाही. मी भांडलो वायरिंग वगळलं म्हणून. गॅरेजवाल्यानं भाग उघडून फोटोसकट नवं एस्टिमेट दिलं, खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला आणि टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली, असं मान्य झालं. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. त्याशिवाय काय वगळलंय ते कळणारच नाही. आणि भावांनो, बुडालेली गाडी स्टार्ट करू नका. त्यानं इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत भरपाई नाही, इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर लागतं.

दुधाळी
आमचं घराचं प्रकरण, २०२१ चं. ‘विमाच कमी रकमेचा, म्हणून भरपाईही त्या प्रमाणात’ असं उत्तर आलं. पॉलिसी भारत गृह रक्षा होती. १ एप्रिल २०२१ पासूनच्या या पॉलिसीत अशी कपात करता येत नाही. ते कलम जोडून लेकीनं पत्र लिहिलं, कपात मागे घेतली.

शिरोळ
मला अर्ध्या रकमेचं व्हाउचर धरून ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे आता आणखी काही मागणार नाही यावर, सही मागत होते. दिली नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, महिना गेला, समाधान नाही. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे) अर्ज. फी नाही, वकील नाही. तफावतीतला बराच भाग मिळाला.

धागाकर्ता
शिरोळकर दादा, हे फार मोलाचं लिहिलंत. नकार आल्यापासून वर्षाच्या आत लोकपालांकडे जायला हवं. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही. मात्र तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत. आयोगाची मुदत २ वर्षं.

बापट कॅम्प
फ्रीज-कपाटाची बिलंच वाहून गेलीत, ताई-दादांनो. काय जोडू?

दुधाळी
काकी, दुकानदाराकडून बिलाची दुसरी प्रत, बँकेचं स्टेटमेंट, लग्नकार्यातले घरातले फोटो. आम्ही हेच दिलं होतं. आणि पंचनाम्याची प्रत तलाठ्याकडून घ्या.