लग्नपत्रिकेत फिरोजी मुख्य रंग: जोडीला कोणते रंग घ्यावेत?

शाईदौत

पत्रिका ५ × ७ इंचांची, आत दोन कार्डं आणि वर पाकीट. ऑफसेटवर छापायची आहे आणि तेच डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवरही जाणार आहे. मुख्य रंग फिरोजी ठरलाय: स्क्रीनवर लाल ६४, हिरवा २२४, निळा २०८. पहिल्या मसुद्यात त्यावर पांढरी अक्षरं, कोरल (पोवळ्यासारखी नारिंगी-गुलाबी) फुलं आणि सोनेरी किनार घेतली. पांढरा मजकूर वाचताना डोळे ताणावे लागतात आणि फुलांच्या कडा थरथरल्यासारख्या दिसतात. जोडीचे रंग बदलावेत की फिरोजीची छटाच बदलावी? छपाईत काय सांभाळायचं तेही सांगा.

रंगपेटी

दुखणी दोन आहेत, पण मूळ एकच. फिरोजी दिसतो थंड आणि शांत, म्हणून आपण त्याला गडद समजून वागवतो. प्रत्यक्षात तो बराच उजळ रंग आहे. तुमच्या छटेवर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर) जेमतेम १.६ भरतो. वेबवरच्या वाचनसुलभतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषात साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ लागतो. म्हणजे फॉन्ट जाड करून हे सुटणार नाही.

याच पार्श्वभूमीवर मरून (लाल १२८, बाकी शून्य) ६.७ देतो. गडद निळा (१८, ४८, ७४) ८.३ देतो. लग्नपत्रिकेत काळी शाई नको म्हणणारी घरं पुष्कळ असतात, तिथे मरून सहज चालतो. पांढरी अक्षरंच हवी असतील तर खालचा रंग गडद करा: ११, १२२, ११७ घेतलात तर पांढऱ्याला ५.२ मिळतो. मात्र तो फिरोजी राहत नाही, मोरपंखीकडे झुकतो.

आता फुलं. फिरोजी स्क्रीनच्या रंगचक्रावर १७४ अंशांवर येतो, त्याच्या समोर ३५४, म्हणजे गुलाबीकडे झुकणारा लाल. चित्रकारांच्या लाल-पिवळ्या-निळ्या चक्रावर समोर नारिंगी-लाल येतो. कोरल की राणी हा वाद त्यातूनच होतो. जोड्या दोन्ही बरोबर आहेत. तुमच्याकडे बिघडलंय ते उजेडाचं गणित. कोरल (२५५, १२७, ८०) आणि तुमचा फिरोजी यांच्यात कॉन्ट्रास्ट फक्त १.५ आहे. विरोधी रंग, दोन्ही भडक आणि उजेडात जवळजवळ सारखे, म्हणून डोळ्याला कड पकडता येत नाही आणि ती थरथरते.

उपाय सोपे आहेत. कोरल फिकट करून पीचकडे न्या, किंवा गडद करून डाळिंबी करा. नाहीतर प्रत्येक पाकळीभोवती १ पॉइंटची क्रीम रेघ द्या. एकाच फुलात दोन उपाय मात्र नकोत.

एक सावधगिरी: जोडी तपासायला चित्र करड्या रंगात बघतात, ते फोटोशॉपच्या ‘डीसॅच्युरेट’ने करू नका. ते सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी घेतं. तुमचा फिरोजी आणि समोरचा लाल (२२४, ६४, ८०) दोन्ही तिथे १४४ होतात, हुबेहूब एकच करडा! खऱ्या उजेडात फिरोजी जवळपास तिप्पट उजळ आहे. फाइलची प्रत काढा, तिचा मोड ग्रेस्केल करा आणि मग बघा.

खिळाजुळणी

छपाईचं मी लिहितो. स्क्रीनवरचा हा फिरोजी चार शाईंच्या (सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, यलो म्हणजे पिवळा, आणि काळा) छपाईत तसाच्या तसा येत नाही, थोडा मंद होतो. ते आधीच मान्य करून सायन ६५ टक्के, मॅजेंटा ०, यलो २८, काळा ० पासून सुरुवात करा. मॅजेंटा शून्यच हवा. रंगांचं प्रोफाइल बदलताना, म्हणजे स्क्रीनचे आकडे शाईच्या टक्क्यांत नेताना, सॉफ्टवेअर गुपचूप ४-५ टक्के मॅजेंटा घालतं आणि रंग मळकट होतो. यलो ३५च्या पुढे गेला की हिरवट, १५च्या खाली आला की नुसता आकाशी. आर्ट कार्डावर (गुळगुळीत, कोटिंग असलेल्या) ठीक येतो. पोत असलेला, कोटिंग नसलेला कागद शाई पितो, त्यावर सायन ५-७ टक्के कमी धरा.

गडद निळ्या अक्षरांसाठी एक युक्ती आहे. त्या निळ्यात निदान खालच्या फिरोजीइतका सायन आणि यलो असू द्या, उदाहरणार्थ सायन १००, मॅजेंटा ७०, यलो ३०, काळा ५०. प्लेट केसभर सरकली तरी अक्षराच्या कडेला पांढरी फट पडत नाही, कारण दोन्हीकडे समान शाई आहे. कोरलचं तसं नाही. त्यात सायन नसतो, फुलाखालचा फिरोजी कापावाच लागतो. तिथे ०.१ मिमी ट्रॅप ठेवा, म्हणजे दोन रंगांच्या कडा तेवढ्या एकमेकांवर चढू द्या. ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) चुकून चालू राहिलं तर कोरल फुलं चिखलासारखी तपकिरी छापली जातील.

बारीक मजकूर मात्र फिरोजीवर ठेवूच नका. रफार, अनुस्वार, जोडाक्षरांतल्या अरुंद पोकळ्या सगळ्यांत आधी भरतात. मुहूर्त, पत्ता, निमंत्रकांची नावं क्रीम कार्डावर, मरूनच्या एकाच स्पॉट शाईत (आधीच मिसळून तयार केलेल्या). अक्षर १० पॉइंटच्या खाली नको.

शाईदौत

क्रीम कार्डाची कल्पना पटली. पण सोनेरीचं काय? फॉइल (चमकदार सोनेरी पन्नी) न करता नुसत्या शाईत छापलं तर?

खिळाजुळणी

चार शाईंचा सोनेरी म्हणजे मोहरीसारखा पिवळा. चमक नसल्यामुळे तो फिरोजीशेजारी खाकी दिसतो. फॉइल करा, आणि त्यासाठी वेगळ्या लेयरवर १०० टक्के काळ्यात आकृती द्या. ०.३ मिमीपेक्षा बारीक रेघ नको, तुटते. फिरोजीवर फॉइल उठून दिसत नाही, दोन्ही उजळ आहेत. मरून किंवा गडद निळ्या पट्टीवर ठेवलंत तर तेच फॉइल दुप्पट किमती वाटेल.

कौलारू

मला कोरलपेक्षा मातकट रंग सुचवावासा वाटतो. इराणमधल्या इस्फहानच्या शाह मशिदीचा घुमट आठवा. बांधकाम १६११ साली सुरू झालं. घुमटावर फिरोजी फरशा, आणि भोवतालचं गाव विटेचं, वाळूच्या रंगाचं. तो निळा-हिरवा इतका जिवंत दिसतो कारण शेजारी भडक काही नाही. पत्रिकेत तेच करता येईल: वाळूचा किंवा कच्च्या विटेचा रंग भरपूर, फिरोजी पाकिटावर आणि किनारीला, आणि हळदीचा पिवळा अगदी ठिपक्यांपुरता. पैठणीच्या फिरोजी अंगावर राणी काठ खुलतो तोही काठ अरुंद असतो म्हणून. निम्मं-निम्मं केलं की दोघंही भांडतात.

आणखी एक. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांना फिरोजी बराचसा करडा दिसतो, आणि फिकट गुलाबीही. वरपक्ष-वधूपक्षाचे कार्यक्रम निव्वळ या दोन रंगांनी वेगळे दाखवणार असाल तर सोबत शीर्षक किंवा चिन्ह हवंच.

रंगपेटी

कौलारूंशी सहमत, फक्त हळदीचा पिवळा थेट फिरोजीला चिकटवू नका, तोही उजळच. मध्ये मरून रेघ असू द्या.

छापखान्यात सांगताना रंगाच्या नावावर विसंबू नका. फिरोजी, रामा, चिंतामणी, मोरपंखी या नावांनी दहा जण दहा छटा दाखवतील. शाईचे टक्के लिहून द्या आणि त्याच कागदावर प्रूफ (नमुना छपाई) मागा. ते ५००० केल्विनच्या उजेडात किंवा दिवसा खिडकीपाशी बघा. पिवळ्या बल्बखाली फिरोजी हिरवट दिसतो, आणि तो ‘दुरुस्त’ करायला यलो कमी केलात तर सगळ्या प्रती निळ्या निघतील.