२००डी मार्क २ वर पोर्ट्रेटसाठी ५० घेऊ, ८५ घेऊ, की बॉडीच बदलू?

ढोकाळीकर

नमस्कार मंडळी. कॅनन २००डी मार्क २ आहे आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ एवढी एकच लेन्स. यापुढे माणसांचेच फोटो काढायचे आहेत. घरातली डोहाळजेवणं, बारशी, साखरपुडे, आणि अधूनमधून एखादं जोडपं ठाण्यात तलावपाळीला, उपवन तलावाला किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात. किट लेन्सनं काढलेल्या फोटोत मागचं कपाट, स्विचबोर्ड, टीव्हीची वायर असं सगळं ठळक येतं. ते धूसर हवंय.

बजेट सगळं मिळून ६० हजार, वापरलेलं चालेल. डोक्यात तीन पर्याय आहेत: ५० एमएम एफ/१.८ एसटीएम, ८५ एमएम एफ/१.८ यूएसएम, नाहीतर वापरलेली फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी (६डी किंवा ५डी मार्क ३) घेऊन तिच्यावर स्वस्तातली ५०. काय करावं?

काचवेडा

लेन्सचं नंतर बघू, आधी मेजरिंग टेप घेऊन हॉल मोजा. गंमत करत नाहीये.

तुमचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा आहे. कॅमेरा उभा धरला तर माणसापासून किती लांब उभं राहावं लागतं ते बघा. डोकं-खांदे (साधारण ६० सेंमी उंचीची फ्रेम) हवे असतील तर ५० ला साडेचार फूट, ८५ ला पावणेआठ फूट. कमरेपर्यंत (१ मीटर) हवं असेल तर ५० ला साडेसात, ८५ ला जवळजवळ तेरा फूट. नखशिखांत उभा माणूस हवा तर ५० ला सोळा फूट आणि ८५ ला सव्वीस! म्हणजे ८५ नं नऊवारीतली बाई पायातल्या जोडव्यांसकट घ्यायची तर तुम्ही शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये उभे असाल.

ही झाली फक्त कॅमेरा ते माणूस एवढी जागा. तुम्हाला उभं राहायला दीड-दोन फूट लागतात, आणि माणूस भिंतीपासून निदान चार फूट पुढे यायला हवा. तो भिंतीला टेकून उभा असेल तर एफ/१.२ ची (एफ/१.८ हून मोठ्या तोंडाची) लेन्स लावलीत तरी स्विचबोर्ड दिसणारच. धूसरपणा निम्मा लेन्सचा आणि निम्मा त्या चार फुटांचा असतो.

आणखी एक. "८५ नं चेहरा छान येतो" हे अर्धसत्य आहे. चेहऱ्याची ठेवण अंतर ठरवतं. दोन-अडीच फुटांवरून काढलं की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. साडेचार-पाच फुटांपुढे ते प्रमाण सुधारतं. तुमच्या बॉडीवर ५० लावून डोकं-खांद्यांची फ्रेम घेतली की आपोआप त्याच अंतरावर जाता. फ्रेम त्याहून घट्ट करायला पुढे सरकू नका, नंतर क्रॉप करा.

पैसे घालायच्या आधी किट लेन्सची रिंग ५० वर आणून कागदी टेपनं चिकटवा आणि एक अख्खं बारसं तशीच वापरा. पाठ भिंतीला किती वेळा लागते ते कळेल.

तिपाई

अंतराचं गणित बरोबर, पण त्यातून उलटा निष्कर्षही निघतो. ८५ चा उपयोग घरात करायचा असेल तर बॉडी फुल फ्रेमच हवी. तिथे डोकं-खांद्यांना ५ फूट, कमरेपर्यंत ८ आणि पूर्ण उंचीला साडेसोळा फूट पुरतात. जी फ्रेम क्रॉपवर (तुमच्यासारख्या छोट्या सेन्सरच्या बॉडीवर) ५० देते, जवळपास तीच.

आणि धूसरपणा जास्त मिळतो. डोकं-खांद्यांच्या फ्रेममध्ये एफ/१.८ ला क्रॉपवर सुमारे ५ सेंटीमीटर खोली स्पष्ट राहते (५० असो वा ८५, फ्रेम तीच तर खोलीही तेवढीच). फुल फ्रेमवर ती ३ सेंटीमीटर होते. म्हणजे तुमचा एफ/१.८ हा तिथला साधारण एफ/२.८.

६डी आणि ५डी मार्क ३ यांत माझं मत ५डी मार्क ३ ला. ६१ फोकस पॉइंट, त्यातले ४१ क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेघा पकडणारे, म्हणून जास्त भरवशाचे), आणि ते फ्रेममध्ये लांबवर पसरलेले. ६डी ला ११ पॉइंट आणि क्रॉस फक्त मधला. शिवाय ५डी ला दोन कार्डं बसतात. दुसऱ्याच्या साखरपुड्याला एका कार्डाच्या भरवशावर जाऊ नये. मात्र एक स्लॉट सीएफ कार्डाचा (एसडीहून वेगळं, मोठं) आहे, त्याचा रीडर वेगळा लागेल. दुसरा एसडीचा स्लॉट हळू आहे. रॉ (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइल) दोन्हीकडे लिहायला लावलंत तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) लवकर भरतो.

तुमची १८-५५ यांतल्या एकाही बॉडीवर बसणार नाही. ती ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरच्या बॉडीपुरतीच आहे. रुंद काढायला वेगळी लेन्स घ्यावी लागेल, हे बजेटमध्ये धरा.

वाशी_खाडी

तिपाईंचं ऑप्टिक्स बरोबर आहे, सल्ला मात्र धागाकर्त्यांच्या कामाला बसत नाही. २००डी मार्क २ ची सगळ्यात मोठी ताकद कुणी बोललंच नाही: लाइव्ह व्ह्यूमधला (मागच्या स्क्रीनवर बघून काढतानाचा) झटपट ड्युअल पिक्सेल फोकस आणि त्यातलं डोळा ओळखणं. ६डी आणि ५डी मार्क ३ या दोन्ही २०१२ च्या बॉडी. दोघींनाही ड्युअल पिक्सेल नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस चाचपडत बसतो, रांगतं बाळ तोवर सोफ्याखाली.

आता डोळे का चुकतात ते बघा. व्ह्यूफाइंडरमधून तुमच्या बॉडीला ९ पॉइंट आहेत, क्रॉस फक्त मधला. म्हणून लोक मधल्या पॉइंटनं डोळ्यावर फोकस घेतात, बटण अर्धं दाबून धरतात आणि कॅमेरा खाली वळवून फ्रेम जुळवतात. ५० नं साडेचार फुटांवर कॅमेरा १० अंश वळवला की फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे २ सेंटीमीटर मागे जाते. स्पष्ट खोलीच ५ सेंटीमीटर, म्हणजे फोकसच्या पातळीपुढे जेमतेम अडीच. त्यात समोरचा माणूस श्वासाबरोबर थोडा हलला की पापण्या मऊ (अस्पष्ट) आणि कानातली कुडी कडक (एकदम स्पष्ट). बऱ्याचदा दोष लेन्सला दिला जातो, कारण मात्र हे असतं.

दुसरं कारण फ्रंट फोकस, बॅक फोकस, म्हणजे फोकस नेमक्या जागेच्या किंचित पुढे किंवा मागे पडणं. व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो, त्यामुळे बॉडी आणि लेन्सच्या जोडीत थोडा फरक पडू शकतो. ७०डी, ८०डी, ९०डी, ६डी, ५डी मार्क ३ यांत तो फरक भरून काढणारी एएफ मायक्रोॲडजस्टमेंट आहे, उणे २० ते अधिक २०. तुमच्या बॉडीत ती नाही. पण लाइव्ह व्ह्यूत फोकस थेट चित्राच्या सेन्सरवर ठरतो, तिथे हा फरक पडतच नाही. पोर्ट्रेट लाइव्ह व्ह्यूत काढा, एएफ मेथड चेहरा अधिक ट्रॅकिंगवर ठेवा आणि आय डिटेक्शन चालू करा. बॅटरी भराभर उतरते, दुसरी एलपी-ई१७ खिशात असू द्या.

२०२० च्या ८५०डी नंतर कॅननचा नवा डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) आलेला नाही. ५०, ८५ सारख्या ईएफ लेन्सा मात्र कॅननच्या ॲडॉप्टरवरून बिनआरशाच्या आर मालिकेच्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. म्हणून पैसा काचेत, म्हणजे लेन्समध्ये घाला. त्यातूनही आरशाचीच दुसरी बॉडी हवी असेल तर वापरलेली ८०डी बघा. ४५ पॉइंट, सगळे क्रॉस, ड्युअल पिक्सेल, मायक्रोॲडजस्टमेंट, आणि १८-५५ पण बसते.

ढोकाळीकर

सगळ्यांचे आभार. हॉल मोजला: १० बाय साडेपंधरा फूट, लांबीच्या एका टोकाला सरकती खिडकी. चार फूट मागे आणि दोन फूट माझे सोडले तर साडेनऊ उरतात. म्हणजे घरात ५० च. पण बाहेरच्यासाठी ८५ चा मोह सुटत नाहीये. आणि बारशाला घोळका काढायचा तर?

दोन शंका. ८५ ला जांभळी कड येते म्हणतात, ते कितपत खरं? आणि माझ्या बॉडीवर (सुटा फ्लॅश लांबून उडवणारा) साधा ट्रिगर लावला तर फ्लॅश उडतच नाही. ट्रिगर बिघडलाय का?

वाशी_खाडी

ट्रिगर ठीक असणार. २००डी मार्क २ च्या हॉट शूला (डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिनच दिलेली नाही. साधे ट्रिगर त्या एका पिनवर चालतात. कॅननसाठीचा ई-टीटीएल (कॅननची स्वयंचलित फ्लॅश पद्धत) ट्रिगर घ्या, आणि विकत घेण्याआधी दुकानातच तुमच्या बॉडीवर उडवून बघा. सिंकचा वेग (फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात वेगवान शटर) १/२००, त्याच्या पुढे गेलात तर हाय स्पीड सिंक लागेल.

हॉलमध्ये फ्लॅश माणसावर रोखू नका. पांढऱ्या छताकडे, थोडा स्वतःच्या मागच्या बाजूला वळवा. छत रंगीत असेल किंवा पीओपीत पिवळे दिवे असतील तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो, तेव्हा हे विसरा आणि खिडकीजवळ जा. खिडकीला बॉक्स ग्रिल असेल तर ऊन थेट आत येताना गजांच्या सावल्या गालावर पडतात. पांढरा पातळ पडदा ओढला की त्या गेल्या. आणि खिडकीचा उजेड वापरताना हॉलमधले एलईडी बंद करा. रंगाची खिचडी टळते आणि पट्टेही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर निभावतं, १/२०० ला आडवे पट्टे येऊ शकतात. ८५ ला तर क्रॉपवर १/१६० च्या खाली जाऊच नये, कारण लेन्समध्ये स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही आणि बॉडीतही नाही.

घोळक्याला किटच वापरा. २४ एमएमला पूर्ण उंचीचा माणूस साडेसात फुटांत मावतो. एफ/५.६ आणि छतावरचा फ्लॅश, झालं काम.

काचवेडा

जांभळ्या कडेबद्दल: खरं आहे. ईएफ ८५ एफ/१.८ ही १९९२ ची रचना. पूर्ण उघड्या ॲपर्चरला, चमकत्या आणि गडद भागाच्या सीमेवर, फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी कड येते. आपल्या माणसांच्या अंगावर नेमक्या त्याच वस्तू असतात. नथीतल्या मोत्यावर उन्हाची टिकली पडली की त्या टिकलीभोवती जांभळं वलय, खांद्यावरच्या जरीला तर दोन्ही रंग. एफ/२.८ ला बरंच कमी होतं.

सॉफ्टवेअरमध्ये कडेचा रंग काढणारा डीफ्रिंजचा स्लायडर सरसकट ओढू नका. जांभळ्या पैठणीच्या काठावर जरीलगत रंग उडून राखाडी रेघ उमटते, आणि नेसणारीला ती फोटोत सगळ्यात आधी दिसते. ब्रशनं फक्त दागिन्यांपुरतं लावा.

एवढं असूनही बाहेरसाठी ८५ जरूर घ्या. उपवनच्या काठावर सव्वीस फूट मागे जाता येतं. तिचं कमीत कमी फोकसचं अंतर ८५ सेंटीमीटर, म्हणून बाळाची मूठ जवळून घ्यायला ५० च (ती ३५ सेंटीमीटरपर्यंत जाते). ५० एसटीएम एफ/२.२ ला बंद केली की कडक होते. तिचा पुढचा भाग फोकस करताना बाहेर येतो, तिथे धक्का बसला तर यंत्रणा अडकते. ईएस-६८ हूड (लेन्सच्या तोंडावरची कडी) लावून ठेवा. कॅमेरा बंद असताना फोकस रिंग फिरवून काही होत नाही, ती विजेवर चालते. लेन्स बिघडली समजून कुणाकडे टाकू नका.

भर उन्हात एफ/१.८ आणि आयएसओ १०० ला शटर १/८००० च्या आसपास लागतं, तुमची बॉडी १/४००० ला थांबते. तीन स्टॉपचा (उजेड आठपट कमी करणारा) एनडी फिल्टर ५८ एमएमचा घ्या. तो ८५ ला बसतो, किटला बसतो, आणि ४९-५८ ची स्टेप-अप रिंग लावली की ५० लाही.

तिपाई

बरं, फुल फ्रेम सोडली. ५० नवी घ्या, ८५ वापरलेली, फोर्टात सीएसएमटीसमोरच्या गल्ल्यांत जाऊन. दिवसा जा आणि स्वतःची बॉडी न्या.

लेन्स दोन्ही बाजूंनी टॉर्च लावून तिरकी बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, ती लेन्स घेऊ नका. धुळीचे चार कण चालतात. लेन्स बॉडीला लावून एफ/८ ठेवा, डेप्थ प्रिव्ह्यू (ॲपर्चर मिटवून दाखवणारं बटण) दाबा आणि समोरून बघा: आतली पाती झटकन मिटली पाहिजेत, त्यांवर तेल नको. मग दुकानाच्या दारात जाऊन पाटीवर एफ/१.८ ला लाइव्ह व्ह्यूत पाच आणि व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो काढा. पहिले पाच कडक आणि दुसरे पाच मऊ आले, तर तुमच्या बॉडीशी जोडी जमत नाही. बॉडीत दुरुस्तीची सोय नाही, तेव्हा दुसरा नग मागा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. हूड बहुतेक नसेल, तो ईटी-६५ थ्री या नावानं मिळतो.

ढोकाळीकर

ठरलं मग. ८५ घरी आली की पावसाळ्यात ठेवायची कुठे? कपाटात बॅगेतच ठेवतो आत्ता.

वाशी_खाडी

बॅगेत नको, फोम आणि कापड ओल धरून ठेवतात. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा, आत रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा). आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, ३० च्या खाली उतरू देऊ नका. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकवून परत टाका. आणि एसीतून थेट पावसाळी तलावपाळीला उतरलात तर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, चेन बंद करून. लगेच काढलात तर पुढच्या काचेवर वाफ धरते, आणि ती शर्टानं पुसायची नसते.