मदत हवी आहे: लेखनामुळे माणूस दुःखी होतो का?
दादरच्या एका वाचकगटात या विषयावर मला टिपण वाचायचे आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांच्या १९८७ च्या अभ्यासात अमेरिकेतील आयोवा येथील ३० लेखकांपैकी ८० टक्क्यांना कधी ना कधी भावविकार (नैराश्यासारखा मनःस्थितीचा आजार) झालेला आढळला, तर तुलनेसाठी घेतलेल्या बिगरलेखकांत हे प्रमाण ३० टक्के होते. परंतु एवढ्याशा नमुन्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही. शिवाय मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या प्रयोगांत मनातले क्लेश लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या उलट कमीच झाल्या. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात लेखकांची आत्मचरित्रे चाळून झाली आहेत, तेव्हा ती कृपया सुचवू नयेत. प्रत्यक्ष लिहिण्याचा परिणाम एकीकडे आणि एकटेपणा, साभार परत आलेली हस्तलिखिते, महिनोन्‌महिने न येणारा मानधनाचा धनादेश यांचा परिणाम दुसरीकडे, असा भेद करून पाहणारा मराठी किंवा इंग्रजी अभ्यास कोणाच्या वाचनात आला आहे का?