मलय भुतं: पॉन्टियानाक, लांगसुइर आणि पेनांग्गालान एकच का?

तिसरी_घंटा, सोलापूर
हुतात्मा स्मृती मंदिरात करायची एकांकिका आहे. मलेशियातलं खेडं, बाळंतिणीचं घर. संहितेत वरच्या तिघींनाही सरसकट 'हडळ' म्हटलंय, शेवटी मांत्रिक पॉन्टियानाकला बाटलीत कोंडतो. हे बरोबर आहे का? आणि नुसतं मुंडकं आतड्यांसकट उडताना कसं दाखवायचं?

केवड्याचं_बन
नाही, तिघी वेगळ्या. पहिल्या दोघी मेलेल्या, पेनांग्गालान जिवंत. ती हडळ नव्हे, चेटकीण.

लांगसुइर म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. नखं लांब, केस घोट्यापर्यंत, जुन्या वर्णनांत अंगात हिरवा झगा, मानेमागे भोक. ती उठू नये म्हणून प्रेताच्या तोंडात काचेचे मणी घालतात, म्हणजे किंकाळी फुटत नाही. दोन्ही काखांत एकेक अंडं, म्हणजे उडायला हात पसरता येत नाहीत. तळहातांत सुया, म्हणजे मूठ उघडमिट होत नाही. सापडलीच तर तिची नखं आणि केस कापून त्याच भोकात कोंबायचे. मग ती साध्या बाईसारखी नांदते. जुन्या नोंदींत पॉन्टियानाक हे तिचं मेलेलं जन्मलेलं मूल. आज मात्र पॉन्टियानाक म्हटलं की पांढऱ्या कपड्यातली, चाफ्याच्या वासाची बाईच डोळ्यांपुढे येते. मानेत खिळा ठोकला की सुंदर बायको होते, खिळा काढला की पुन्हा भूत. तिचा आवाज बारीक आला तर ती जवळ, मोठा आला तर लांब. साउंडवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो सवयीने उलटं करील. आणि उलटे पाय देऊ नका, ते आपल्या हडळीचे.

पेनांग्गालान हे नाव 'तांग्गाल' म्हणजे सुटणे यावरून. दिवसा चारचौघींसारखी, काही कथांत तर सुईणच. रात्री मुंडकं आतड्यांसह धडातून सुटतं आणि बाळंतिणीच्या रक्ताच्या वासावर येतं. परतल्यावर फुगलेली आतडी धडात मावत नाहीत, म्हणून घरात शिरक्याचं भांडं. त्यात बुडवली की ती आकसतात. म्हणूनच दिवसा तिच्या अंगाला शिरक्याचा वास. एखाद्या संवादात तो पेरला की शेवटाला पाया मिळतो. तोडगा काट्यांचा: दारं-खिडक्यांना आणि जोत्याखाली मेंगकुआंगची पानं, म्हणजे केवड्याच्याच कुळातली. लोंबती आतडी काट्यात अडकतात. केवडा मिळाला नाही तर घायपात चालेल, लांबून फरक कळत नाही.

बाटली मात्र पोलोंगची, म्हणजे बाटलीत पाळलेल्या भुताची. खून झालेल्या माणसाचं रक्त अरुंद मानेच्या बाटलीत सात दिवस, काहींच्या मते चौदा. मग आतून पिलांसारखी चिवचिव येते आणि मालक बोट कापून त्याला रक्त पाजतो. पॉन्टियानाकला त्यात कोंबणं म्हणजे वेताळाला पाळण्यात निजवणं.

विंगेतला_दिवा
मुंडक्यापुरतं सांगतो. मागे काळा मखमली पडदा, नटी गळ्यापासून काळ्या सुती कपड्यात, हातमोजे-मोजेही काळे. सॅटिन नको, चमकतं. प्रकाश फक्त दोन्ही बाजूंनी, अरुंद. समोरून एक जरी दिवा लागला तर धड उघडं पडतं. नटी पडद्यापासून चार-पाच फूट पुढे, म्हणजे उजेड पडद्यावर सांडत नाही.

आतड्यांना जुन्या टेरी टॉवेलच्या पट्ट्या, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. तीन-साडेतीन फुटांच्या आठ-दहा, पिळून शिवलेल्या, लाल रंगावर फेव्हिकॉलचा हात. वाळला की ओलसर चकाकी येते. खरंच ओल्या करू नका. टेरी पाणी धरतं आणि सगळं वजन मानेवर येतं. पट्ट्या गळपट्टीला न शिवता खांद्यावरून घेतलेल्या काळ्या पट्ट्याला शिवा.

तिसरी_घंटा
मग शेवट बदलतो. बाटलीऐवजी खिळा. पण बाळंतिणीच्या घराभोवती काटे दाखवले तर पॉन्टियानाकही अडकेल ना?

केवड्याचं_बन
काटे आतड्यांसाठी, तिला आतडी लोंबत नाहीत. दोघी एकाच नाटकात हव्या असतील तर घराला काटे आणि नवऱ्याच्या हाती खिळा, दोन्ही ठेवा. खिळा मानेतच, छातीत नको.